व्यक्तिचित्र आधी पेन टूलने शिकवा

महोदय,

मुंबईत डीटीपी शिकवणाऱ्या अनेक क्लासमध्ये व्यक्तिचित्राचा धडा फोटोवरून आपोआप आकार काढून देणाऱ्या 'ट्रेस'च्या बटणापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. असे चित्र स्क्रीनवर खपून जाते. रेडियम कटिंगला, म्हणजे चिकट रंगीत कागदातून आकार कापायला गेले की पितळ उघडे पडते. सॉफ्टवेअरला नाक-डोळे कळत नाहीत, कळतो तो रंगातला फरक. गालावरच्या सावलीची एक कडा शेकडो नोडमध्ये, म्हणजे रेषेवरच्या बिंदूंमध्ये चिरली जाते, कापणाऱ्या यंत्राचे (प्लॉटरचे) पाते जागोजागी अडखळते आणि नको असलेला भाग सोलताना मिशीचे, भुवईचे बारीक तुकडेही त्याच्याबरोबर निघून येतात. गाडीच्या मागच्या काचेवर महाराजांचा चेहरा लावायचा, तर तो असा लावू नये.

पहिले दोन-तीन चेहरे विद्यार्थ्यांकडून पेन टूलनेच, म्हणजे एकेक नोड हाताने देत काढून घ्यावेत. इंकस्केप हे चित्र काढायचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यामुळे खर्चाची सबब उरत नाही. फोटो एका बाजूने उजेड पडलेला निवडावा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावल्याच नसतात, मग काढणार काय? व्हॉट्सॲपवरून मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवावा, नाहीतर तो दाबला जाऊन डोळ्यांचे तपशील पुसट होतात. सर्वांत खालच्या लेयरवर (थरावर) तो निम्मा फिका करून लेयर लॉक करावा. मग डोळे किलकिले करून पाहावे. उजेड, मधली छटा, सावली आणि गडद सावली असे चार भाग वेगळे दिसू लागतात. त्वचेला सुरुवातीला तेवढे पुष्कळ.

खरी मेहनत नोडची. वळण जिथे सर्वांत बाहेर जाते, तिथे नोड द्यावा आणि त्याचे हँडल (वळण ठरवणारी दांडी) सरळ आडवे किंवा उभे ओढावे, लांबी पुढच्या नोडपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश. कानापासून हनुवटीपर्यंतचा जबडा तीन-चार नोडमध्ये बसतो. पंधरा दिले की रेषा खडबडीत होते आणि एक सुधारायला जावे तर शेजारी फुगवटा येतो.

दोन छटांचे आकार कडेला कड लावून जुळवले की मधून केसाएवढी पांढरी रेघ दिसते. म्हणून आधी संपूर्ण चेहरा मधल्या छटेत भरावा आणि सावल्या त्यावर ठेवाव्यात.

डोळ्याचा पांढरा भाग शुद्ध पांढरा ठेवला तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. तिथे फिका राखाडी हवा, वर पापणीची सावली हवी आणि बुबुळाचा वरचा थोडा भाग पापणीखाली झाकलेला हवा. चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. नाकाला बाह्यरेषा नको, नाकपुड्या आणि खालची सावली पुरे. दातांमधल्या रेषा तर काढूच नयेत. केस आधी एकाच आकारात भरून कडेला चार-दोन बटा सोडाव्यात.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेली मुले वस्तुचित्रात छायाप्रकाश शिकून आलेली असतात. त्यांच्या हाती नुसते बटण देणे हा त्या शिक्षणावर अन्याय आहे. क्लासचालकांना कळकळीची विनंती, की मार्क देताना प्रिंटवर न थांबता फाइल आउटलाइन मोडमध्ये, म्हणजे रंग लपवून नुसत्या कडा दाखवणाऱ्या रूपात उघडून पाहावी. हाताने काढलेल्या चेहऱ्यातले आकार तिथे मोजता येतात. ट्रेस केलेल्या चेहऱ्याच्या जागी काट्याकुट्यांचे जाळे दिसते.

— एक रेखाकला शिक्षक, परळ, मुंबई