सर्व्हर घेताना हे विचारा

मा. संपादक,

वाचनालयांच्या डिजिटायझेशनबद्दल आपल्या अंकात अधूनमधून मजकूर येतो. त्यात स्कॅनर असतो, निधी असतो. स्कॅन केलेली पानं ज्या डिस्कवर राहतात त्यांच्याबद्दल काही नसतं. म्हणून हे पत्र.

आमच्या वाचनालयात चौदा महिने खपून आम्ही जुनी इतिवृत्तं, मोडी कागद आणि दुर्मीळ मासिकं स्कॅन केली. सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्क होत्या. मशीन बसवल्यावर पडद्यावर ७.२७ टीबी जागा दिसली (विंडोजच्या मोजणीत आठ टीबी इतकेच दिसतात) आणि कार्यकारी मंडळ खूश झालं. मी तिथेच विचारायला हवं होतं. एका डिस्कची नक्कल दुसरीवर होत असती, म्हणजे रेड १ असतं (रेड, RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत), तर ३.६३ टीबीच दिसली असती. पुरवठादाराने रेड ० लावलं होतं. त्यात फाइलचे तुकडे आळीपाळीने दोन्ही डिस्कवर लिहिले जातात, त्यामुळे एक गेली की दुसरीवर नुसते अर्धवट तुकडे उरतात. गेल्या पावसाळ्यात तसंच झालं. एक डिस्क आजही ठणठणीत आहे, पण तिच्यातून एकही पान अखंड निघत नाही. मासिकं पुन्हा उघडायची तर कागदाचे कोपरे हातात येतात.

नव्या डिस्क आल्या तेव्हा मी शेजारी बसूनच राहिले. ही रेडची जुळणी विंडोज टाकण्याआधी करायची असते. मशीन सुरू होताना कंट्रोलरच्या, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या भागाच्या, मेनूत शिरून. मागाहून रेड ०चं रेड १ करायचं तर बहुतेक वेळा सगळं पुसावं लागतं. काम दहा मिनिटांचं. विंडोजला आधी डिस्कच दिसेना. पेनड्राइव्हवरून कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो ओळखता यावा यासाठीचं सॉफ्टवेअर, दिल्यावर दोनऐवजी एकच दिसली, ३.६३ टीबीची, आणि माझा जीव भांड्यात पडला. तरीही मशीन बंद करून एक डिस्क काढायला लावली. ते एका डिस्कवर सुरू झालं, तेव्हाच सही केली.

चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्हीकडून जाते. त्यामुळे दर शनिवारी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती अध्यक्षांच्या घरी ठेवतो.

वाचनालयं, शाळा, पतसंस्था यांना माझी कळकळीची विनंती आहे. सर्व्हरच्या ऑर्डरमध्ये रेडचा प्रकार लिहून घ्या, आणि एक डिस्क काढून मशीन चालवून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नका.

— एक ग्रंथपाल, जि. सातारा