सुहासला पत्र: तुझी एसएसडी चुकीच्या जागी बसली आहे

पुणे, रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले नव्या एसएसडीचे (हार्ड डिस्कचंच काम करणारी, पण चिपवर साठवणारी ड्राइव्ह) दोन्ही स्क्रीनशॉट मोठे करून नीट बघितले. फोनवर सांगत बसलो असतो तर अर्धं तुझ्या छपाईच्या मशीनच्या आवाजात गेलं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय. एकदा सगळं वाच आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घे.

तुझी शंका अशी की एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी छापलंय, वेगाच्या चाचणीत मात्र २७० च्या वर काही दिसत नाही, तर दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला का? तसं काही नाही. एसएसडी धडधाकट आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या चित्रात ‘इंटरफेस’च्या खाली ‘ट्रान्सफर मोड’ अशी ओळ आहे बघ. तिथे ‘साटा/३००’ (साटा म्हणजे ड्राइव्ह लॅपटॉपला जोडायची पद्धत), मग एक उभी रेघ आणि पुढे ‘साटा/६००’ असं आलंय. रेघेच्या अलीकडचा आकडा म्हणजे आत्ता मिळालेली जोडणी आणि पलीकडचा म्हणजे ड्राइव्हची ऐपत. सगळं उत्तर त्या एका ओळीत आहे.

दुकानदाराने जुनी हार्ड डिस्क होती तिथेच ठेवली, डीव्हीडी ड्राइव्ह काढला आणि त्या जागी कॅडीत, म्हणजे डीव्हीडीच्या मापाच्या चौकटीत, एसएसडी बसवून दिली. त्याला ते सोपं गेलं. पण तुझा लॅपटॉप दुसऱ्या पिढीच्या आय-५ चा, २०११ च्या सुमाराचा. त्या काळातल्या इंटेलच्या लॅपटॉप चिपसेटमध्ये दोनच साटा पोर्ट सेकंदाला ६ गिगाबिटचे असत, उरलेले ३ गिगाबिटचे. बहुतेक लॅपटॉपमध्ये वेगवान पोर्ट हार्ड डिस्कला जोडलेला असे आणि धीमा डीव्हीडीला. त्यात वावगंही काही नव्हतं, कारण ८एक्स वेगाने फिरणारी डीव्हीडी सेकंदाला जेमतेम ११ एमबी वाचते. साटामध्ये दर ८ बिटांसाठी तारेवरून १० बिट जातात, म्हणून ३ गिगाबिटचे प्रत्यक्षात ३०० एमबी उरतात आणि ६ चे ६००. त्यातून देवाणघेवाणीचा खर्च वजा केला की २७०-२८० आणि ५५० हेच आकडे हाती लागतात. म्हणजे तुझी ड्राइव्ह त्या जागी मिळेल तेवढं सगळं देतेय.

तेव्हा अदलाबदल कर. एसएसडी हार्ड डिस्कच्या जागी आणि हार्ड डिस्क कॅडीत. जुन्या हार्ड डिस्कचं यात काहीच नुकसान नाही, ती फार तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, तिला ३०० चा पोर्ट पुरून उरतो. मागच्या सगळ्या लग्नपत्रिकांच्या फाइली तिच्यावर सुखाने राहतील.

पण आधी एक गोष्ट तपास. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क आत होत्या ना? अशा वेळी विंडोज एसएसडीवर जातं आणि लॅपटॉप सुरू करणारी बूटची फाइल गुपचूप जुन्या डिस्कवर राहते, हे मी कॉलेजच्या लॅबमध्ये कितीदा तरी पाहिलंय. बॅकअप घे. चार्जर काढ, बॅटरी काढ, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर. मग हार्ड डिस्क पूर्ण बाहेर काढून एसएसडी तिच्या जागी बसव आणि एकटी एसएसडी घेऊन लॅपटॉप सुरू होतो का बघ. झाला तर निर्धास्तपणे हार्ड डिस्क कॅडीत घाल, फक्त बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) बूटच्या क्रमात एसएसडी पहिली ठेव. नाही झाला तर आणखी काही खटाटोप करू नकोस, मला फोन कर. आणखी एक, हार्ड डिस्क बहुधा ९.५ मिलिमीटर जाडीची असेल आणि एसएसडी ७ ची, म्हणून ती जागेत हलेल. खोक्यात प्लास्टिकची पातळ चौकट आली असेल तर ती लाव. कनेक्टर सैल राहणं धीम्या पोर्टइतकंच वाईट.

बायॉसमध्ये शिरलाच आहेस तर ‘साटा मोड’ही बघून घे. ती ड्राइव्हशी बोलायची पद्धत, एएचसीआय नवी आणि आयडीई जुनी. तो एएचसीआय असायला हवा. आयडीई दिसला तर लगेच बदलू नकोस, विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल. आधी विंडोजमधून ‘एमएसकॉन्फिग’ उघडून सेफ बूटवर खूण कर, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये जाऊन एएचसीआय कर, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ दे, विंडोज योग्य ड्रायव्हर आपणहून उचलतं. मग खूण काढून टाक. एएचसीआयमध्ये ड्राइव्ह एका वेळी ३२ मागण्या रांगेत घेऊन सोयीने उरकते, आयडीईमध्ये एकेक करून.

आता मनापासून सांगतो, ५५० चा आकडा दिसला की तुला आनंद होईल, पण रोजच्या कामात खरा फरक दुसऱ्याच आकड्याचा आहे. चाचणीतली सगळ्यात खालची ओळ बघ, ४के रँडमची. बारीकसारीक तुकडे इथून तिथून वाचायचा वेग तो. ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला नुसती हवी ती जागा डोक्याखाली यायलाच सरासरी साडेपाच मिलिसेकंद लागतात, शिवाय डोकं सरकवायचा वेळ वेगळा. म्हणून तिथे एक एमबीसुद्धा भरत नाही. एसएसडी तिथे २०-३० एमबी देते, धीम्या पोर्टवरही. डिझाइनसाठीचं कोरलड्रॉ उघडताना तुझे ते शेकडो मराठी फाँट लोड व्हायला जो जीव जायचा, तो या ओळीमुळे वाचला. मोठ्या टिफ फाइली उघडताना आणि जतन करताना मात्र पोर्टचा फरक जाणवेल.

आणि हा वेग टिकवायचा असेल तर ड्राइव्ह गच्च भरू नकोस. याबद्दल मी जरा हट्टी आहे. फ्लॅश मेमरीत लिहिता येतं छोट्या पानांवर, पण पुसता येतं ते अनेक पानांचा अख्खा ब्लॉक एकदम. तू फाइल डिलीट करतोस तेव्हा विंडोज ती विसरतं, पण ड्राइव्हला ते कोणी सांगितलं नाही तर ती मेलेला डेटाही जपून इकडून तिकडे हलवत बसते. ट्रिम म्हणजे तो निरोप. स्टार्टमध्ये ‘डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज्’ उघड, एसएसडीपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय आणि ठरलेल्या वेळी ऑप्टिमायझेशन चालू आहे, एवढं पाहा. साधारण पाचवा हिस्सा कायम रिकामा ठेव. तुझ्यासारख्या स्वस्त ड्राइव्हमध्ये रिकाम्या जागेचा काही भाग झटपट लिहिण्यासाठी वापरला जातो. मोठा फोल्डर कॉपी करताना सुरुवातीला वेग भन्नाट आणि मग एकदम पडतो, तो हा भाग भरल्यामुळे. जागा कमी तेवढा तो लवकर भरतो. पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज ड्राइव्हवर वापरतं ती जागा) बंद करा, अमुक सर्व्हिस बंद करा, असले सल्ले कोणी दिले तर सोडून दे. त्यापेक्षा ४ जीबी रॅमची ८ कर.

सायलीच्या नव्या लॅपटॉपसाठी एम.२ एसएसडी घ्यायची म्हणालास. एम.२ हा फक्त आकार झाला, आत साटा असू शकतं किंवा त्याहून वेगवान एनव्हीएमई. लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये तीन गोष्टी शोध: स्लॉट एनव्हीएमई घेतो का, पीसीआयई (एनव्हीएमईचा डेटा ज्यावरून जातो तो मार्ग) कितव्या पिढीचं आणि किती लेनचं, आणि लांबी २२८० (८० मिलिमीटर) बसते की २२४२ (४२ मिलिमीटर). तिसऱ्या पिढीच्या चार लेन असतील तर सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास मिळतील, दोनच लेन असतील तर त्याच्या निम्मे. अशा स्लॉटमध्ये चौथ्या पिढीची महाग ड्राइव्ह चालेल, पण तिसऱ्याच्या वेगाने, तेव्हा जादा पैसे घालू नकोस. आणि उघडण्याआधी बिटलॉकर (डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघून रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. तिच्या प्रोजेक्टचं सगळं त्यात आहे.

शनिवारी दुकान बंद झाल्यावर निवांत बसून कर, गिऱ्हाईक समोर असताना नको. ‘ट्रान्सफर मोड’च्या ओळीत काय आलं ते कळव. दोन्हीकडे ६०० नसेल तर लॅपटॉपचं नेमकं मॉडेल पाठव, खालच्या स्टिकरचा फोटो चालेल.

वहिनींना नमस्कार, सायलीला आशीर्वाद. लोभ आहेच.

तुझा,
अविनाश