पुरात बुडालेल्या गाडीची नोंद आरसीवर का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांच्या बाजारात पुराच्या पाण्यातून निघालेल्या गाड्या राजरोस विकल्या जात आहेत आणि त्या ओळखण्याचे कोणतेही खात्रीचे साधन सामान्य ग्राहकाच्या हाती नाही. याकडे परिवहन खात्याचे आणि विमा नियामकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वडिलांना गुडघेदुखीमुळे एसटीची पायरी चढवेना, तेव्हा आमच्या कुटुंबाने सव्वा लाख रुपयांना एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. घेण्यापूर्वी ती ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली आणि नंबर टाकून ‘एम-परिवहन’ या सरकारी अ‍ॅपवर तपासलीही. दुसरी मालकी, कर्जाचा बोजा नाही, पासिंगची मुदत शिल्लक, विमा चालू, मीटरवर पन्नास हजारांच्या आत किलोमीटर, असे सगळे कागदोपत्री चोख होते. पहिला पाऊस पडेपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. त्यानंतर मात्र दाराची काच आपोआप खाली जाऊ लागली, रात्रभरात बॅटरी उतरू लागली आणि एकदा तर मध्यरात्री अंगणात हॉर्न सुरू झाला, तो बॅटरीची वायर काढेपर्यंत थांबलाच नाही. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात, दाट धुक्यात, इंजिन आणि दिवे एकाच क्षणी गेले. गाडीत आई-वडील होते. मागून येणाऱ्या मालट्रकच्या चालकाने वेळीच ब्रेक दाबला आणि त्यानेच पुढे टोचन करून आम्हाला घाटमाथ्यावर आणून सोडले. त्या अनोळखी चालकाचे उपकार आम्ही विसरणार नाही.

खरा प्रकार उघडकीस आला तो वायरिंगवाल्याने सीट काढून खालचे कार्पेट उचलले तेव्हा. फोमच्या खाली वाळलेल्या गाळाचा थर होता, वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता आणि चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर त्याच्या एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या टोकावर चिखलाची तपकिरी रेघ स्पष्ट दिसत होती. मीटर उघडला, तर एअरबॅगमधील बिघाड दाखवणाऱ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली आढळली. एअरबॅगचे नियंत्रण करणारा भाग गाडीच्या तळाशी, दोन सीटांच्या मध्ये बसवलेला असतो. तो पाण्यात गेला होता आणि ते कळू नये याची तजवीज कोणीतरी जाणूनबुजून केली होती. सांगली पासिंगच्या या गाडीच्या पहिल्या मालकांशी संपर्क साधला असता, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती पाण्याखाली गेली होती आणि विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ धरून पैसे दिल्यावर आपण ती सोडून दिली, असे त्यांनी सरळ सांगितले. त्यांनी काही लपवले नव्हते. त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते.

त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतील असंख्य गाड्या पाण्यात गेल्या होत्या. अशा प्रत्येक पुरानंतर त्या गाड्यांचे होते काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस ठरवते आणि ती गाडी ‘सॅल्व्हेज’ (नुकसानग्रस्त माल) म्हणून, बहुधा लिलावात, विकली जाते. घेणारा ती धुऊन, सुकवून, सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात आणतो. तिचा नंबर तोच, आरसी तीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने ते १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. परंतु विम्याच्या हिशेबात टोटल लॉस ठरलेली गाडी ‘कायमची निकामी’ ठरतेच असे नाही आणि नेमक्या याच फटीतून या गाड्या सुटतात. विमा कंपनीला तिचा इतिहास ठाऊक असतो, लिलावात घेणाऱ्याला ठाऊक असतो. पुढे घामाचा पैसा मोजून ती घेणाऱ्या कुटुंबाला मात्र तो कळत नाही.

यावर ग्राहक आयोगाकडे जावे, असे अनेकांनी सुचवले. व्यवहार करून देणाऱ्याने आमच्याकडून सही घेतलेल्या छापील पावतीवर ‘गाडी आहे त्या स्थितीत पाहून, तपासून, पसंत करून ताब्यात घेतली’ असे वाक्य आहे. त्या वाक्याने फसवणूक माफ होत नाही, असे माझे ठाम मत आहे. पण ते सिद्ध करायचे तर तज्ज्ञाचा अहवाल, वकील आणि तारखा आल्या, आणि सव्वा लाखाची गाडी घेणाऱ्याला ते झेपत नाही, हे विकणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आहे. ही चांगली सुरुवात आहे. पण गाडीचा पूर्वेतिहास त्यामुळे ग्राहकासमोर येत नाही.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत अशा गाडीच्या मालकी हक्काच्या कागदावरच ‘सॅल्व्हेज’ असा शेरा पडतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी मीटरवरील आकडा नोंदवला जातो आणि गाडीचा नंबर टाकून तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो, त्यामुळे मीटर मागे फिरवणाऱ्यांना आळा बसतो. आपल्याकडे ‘वाहन’ ही राष्ट्रीय संगणक प्रणाली तयार आहे आणि प्रत्येक गाडीला ठरावीक काळाने पीयूसी काढावीच लागते. त्यामुळे टोटल लॉसची रक्कम देताना विमा कंपनीने चासी नंबरसह ती माहिती ‘वाहन’वर भरणे सक्तीचे करावे, तो शेरा आरसीवर आणि ‘एम-परिवहन’वर दिसावा, आणि एअरबॅग, ब्रेक व वायरिंगची तपासणी होऊन दाखला मिळाल्याशिवाय अशा गाडीचे हस्तांतरण करू नये. पीयूसी काढताना मीटरचा फोटो घेण्यासाठी तर नव्या यंत्रणेचीही गरज नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. म्हणून सांगली, कोल्हापूर, सातारा आणि रत्नागिरी या पूरग्रस्त जिल्ह्यांच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा. तोपर्यंत राज्याच्या परिवहन आयुक्तांनी विमा कंपन्यांकडून २०१९ आणि २०२१ मध्ये टोटल लॉस ठरलेल्या गाड्यांच्या क्रमांकांची यादी मागवून ती प्रत्येक आरटीओ कार्यालयात आणि संकेतस्थळावर लावावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कराड