ग्राहक टिकतो तो नोंदवहीमुळे

महोदय,

२२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या आमच्यासारख्या छोट्या पार्लरांना हा कर मुळातच भरावा लागत नसल्याने मोठ्या सलूनच्या आणि आमच्या दरांतील अंतर कमी झाले आणि ओळखीच्या अनेक जणी धास्तावून सवलतीची पॅकेजे काढू लागल्या. सांगलीत २४ वर्षे हा व्यवसाय केल्यानंतर मला हा मार्ग चुकीचा वाटतो, कारण सवलतीसाठी आलेली बाई शेजारच्या गल्लीत पाच रुपये कमी दिसताच तिकडे जाते.

माझ्याकडच्या बायका टिकल्या त्या एका वहीमुळे, आणि ती वही माझ्या चुकीतून सुरू झाली. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी अप्पर लिपला वॅक्स करताना एका ताईंची त्वचा सोलून निघाली. मुरुमांसाठी त्या त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले रेटिनॉइड मलम लावत होत्या, आणि अशा त्वचेवर वॅक्स करू नये हे मला क्लासमध्ये शिकवलेले असूनही मी विचारलेच नव्हते. त्या दिवसापासून कोण कोणते मलम लावते, कोणाला मधुमेह आहे, केसांना कोणत्या कंपनीची कोणती छटा किती मिनिटे ठेवली, हे सारे मी लिहून ठेवते. त्या ताई आजही माझ्याकडे येतात, आता मुलीला घेऊन.

वहीइतकेच महत्त्वाचे आहे ते वेळेवर नाही म्हणणे. केसांच्या काळ्या रंगात आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही बहुधा पीपीडी हे रसायन असते. वर्षानुवर्षे रंग लावणाऱ्या बाईलाही त्याची ॲलर्जी एकाएकी होऊ शकते, म्हणून ४८ तास आधी कानामागे थेंबभर रंग लावून पाहिल्याशिवाय मी रंग लावत नाही, मग समोरची कितीही घाईत असो. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळू लागले की घाबरून आलेल्या मुलीला हजारोंची ट्रीटमेंट विकणे सोपे असते, पण ती गळती बहुतेकींची आपोआप थांबते आणि न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावे, एवढेच मी सांगते. त्या दिवशी माझा गल्ला रिकामा राहतो, हे खरे आहे. मात्र तीच मुलगी पुढे पांढरे केस दिसू लागले की विचारायला माझ्याकडेच येते, आणि रजोनिवृत्तीनंतर त्वचा पातळ व कोरडी झाली की वॅक्सऐवजी काय करावे हेही मलाच विचारते.

आयटीआयमध्ये आणि खासगी क्लासमध्ये हात उत्तम तयार केले जातात, परंतु ग्राहकाची नोंद कशी ठेवावी आणि तिला कोणते प्रश्न विचारावेत, यासाठी स्वतंत्र तास मी कुठे पाहिलेला नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी तो ठेवावा आणि परीक्षेत त्याला गुण द्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

— एक पार्लरचालक, सांगली