उलट बाजू

प्रिय बाळा,

परवा फोनवर म्हणालास, "आई, सहा महिने चित्रं बंद. आधी मी नेमका कोण आहे ते शोधतो, मग हात लावतो." मी नुसतं हं म्हटलं. मला बोलताना सुचत नाही, मशीनवर बसल्यावर सुचतं. म्हणून हे पत्र.

तुझी तक्रार काय, तर प्रत्येक चित्र कुणासारखं तरी दिसतं. दिसणारच. मी शिवण शिकले ती बाईंचा एक जुना सदरा उसवून. तुकडे कागदावर मांडायचे, गिरवायचे, तस्सेच बेतायचे. दोन वर्षं हेच. आपलं वेगळं काही असावं असं मनातही आलं नाही. कॉलर सरळ बसली तरी तो दिवस चांगला.

खूप वर्षांनी एक झगा दुरुस्तीला आला. उलटा केला तर आतली कड दोनदा दुमडून हाताने तुरपलेली. कोण बसलं असेल एवढं करत, असं वाटलं आणि मग टाका ओळखू आला. माझाच होता! सुटी कड मला सहन होत नाही, हे मला त्या झग्याने सांगितलं. काजं मात्र घाईत केलेली, ओबडधोबड. तीही मीच. उतावळेपणा काही फक्त बोलण्यात नसतो.

तुला व्हॅन गॉग आवडतो ना? चित्रकार व्हायचं त्याने 1880 मध्ये ठरवलं, वय 27. सुरुवात कशाने, तर मिले नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या नकला करण्याने. मिलेचा पेरणी करणारा शेतकरी त्याने 1881 मध्ये रेघ न् रेघ बघून काढला. मग 1889 मध्ये, सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, तो पुन्हा मिलेच्याच छापील चित्रांकडे वळला. समोर काळा-पांढरा छाप, रंग सगळे मनातले. त्या वेळी त्याने भावाला लिहिलं, की वादक बीथोव्हेनची रचना वाजवतो तेव्हा आपला अर्थ त्यात घालतोच, तसंच हे. आता ती चित्रं मिलेची म्हणायला कुणी धजणार नाही. मधल्या वर्षांत तो स्वतःला शोधत थांबला नव्हता. काढत होता, रोज, बरीचशी वाईटसुद्धा.

स्वतःला शोधायला लोक कुठे कुठे जातात, जाऊ देत बापडे. तुझ्याकडे कागद आहे.

आणि एक. काल तुझा जुना गठ्ठा काढून बसले होते. पाचवीच्या वहीपासून गेल्या महिन्यापर्यंत सगळा. तुझी माणसं पाठमोरी असतात. गर्दी असो, एकटा म्हातारा असो, ज्या चित्राला तू "अगदी नक्कल" म्हणालास त्यातही, मूळ चित्रातली बाई समोर बघते आहे आणि तुझी वळलेली आहे. लक्षात आलं होतं का तुझ्या? माझ्या तरी काल आलं. का ते मला सांगू नकोस, तुला तरी कुठे ठाऊक असणार.

पुढचं काढलंस की पाठव. जमलं नसलं तरी. फक्त दुमडू नकोस, मागच्या चित्राची घडी अजून गेलेली नाही, इस्त्रीला भीत भीत हात लावला तरी.

तुझी,
आई