प्रॅचेटची हार्ड डिस्क आणि रोडरोलर

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला विनोदी फँटसी कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्लिश लेखक टेरी प्रॅचेटवरचा लेख आवडला, पण त्याचं अप्रकाशित लिखाण नष्ट करून साहित्याचं केवढं नुकसान झालं अशी जी हळहळ शेवटी व्यक्त केलीय ना, ती काही पटली नाही बुवा.

मार्च २०१५ मध्ये प्रॅचेट गेला. अर्धवट लिखाण रोडरोलरखाली चिरडून टाका ही त्याचीच इच्छा, आणि त्याचा असिस्टंट रॉब विल्किन्सने ऑगस्ट २०१७ मध्ये ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअरमध्ये, म्हणजे इंग्लंडमध्ये जुन्या वाफेच्या इंजिनांची जत्रा भरायची तिथे, ते लिखाण असलेली हार्ड डिस्क खरंच वाफेच्या रोडरोलरखाली घातली. आणि डिस्क रोलरला पुरून उरली! शेवटी दगड फोडायच्या क्रशरमध्ये टाकावी लागली. त्याच्याच कादंबरीतला सीन वाटावा असं सगळं.

लोक हा किस्सा हसून सांगतात आणि त्याचा आजार मात्र विसरतात. २००७ मध्ये त्याला अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार निघाला, ज्यात डोळे ठणठणीत असतात पण समोर दिसतंय त्याची मेंदूला संगती लागत नाही. १७व्या वर्षी गावच्या पेपरात रिपोर्टर म्हणून लागलेला हा माणूस, आयुष्यभर टाइप करत आलेला, त्याचं टाइपिंगच गेलं. मग विल्किन्सला नाहीतर कॉम्प्युटरला तोंडी सांगून पुस्तकं लिहिली. डिस्कवरचं लिखाण नीट करायला आता आपण नसणार हे त्याला पक्कं कळलं असणार, म्हणून मला तरी त्याचा निर्णय अगदी शहाणपणाचा वाटतो. 'द शेफर्ड्स क्राउन' ही शेवटची कादंबरी तो गेल्यावर आली, तिच्याबद्दलही विल्किन्सने स्पष्ट लिहिलंय की तो आणखी जगला असता तर त्यात अजून भर घातली असती. पूर्ण झालेल्या पुस्तकाची ही गत, मग अर्ध्या मसुद्यांचं काय घेऊन बसलात!

काफ्का या लेखकाचं उदाहरण कोणीतरी देणारच, त्यानेही आपलं लिखाण जाळून टाकायला मित्राला सांगितलं होतं. त्याच्या मित्राने कागद जाळले नाहीत म्हणून आपल्याला काफ्का मिळाला, मान्य. पण तो मित्र, ब्रॉड, म्हणतो की मी जाळणार नाही हे काफ्काला आधीच सांगितलं होतं. प्रॅचेटने शब्द पाळणारा माणूस निवडला, इथेच विषय संपतो.

हां, २०२३ मध्ये त्याच्या जुन्या कथा पुस्तकरूपात आल्या, त्याला माझी हरकत नाही कारण त्या त्याने स्वतःच तरुणपणी टोपणनावाने पेपरात छापायला दिल्या होत्या. स्वतः छापलेलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलेलं, यात फरक आहे की नाही?

आणि नुसत्या डिस्कवर्ल्ड या त्याच्या फँटसी मालिकेच्याच ४१ कादंबऱ्या आहेत हो. हळहळणाऱ्यांनी त्या वाचून संपवाव्यात, मग बोलू.

आपला,
एक नियमित वाचक