गॉब्लिनांचा डेक बांधणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. मॅजिक या कार्डांच्या खेळासाठी क्रेन्को, मॉब बॉस या कार्डाला कमांडर (डेकचा म्होरक्या) करून गॉब्लिनांचा डेक बांधतोयस हे वाचून फार आनंद झाला. मॅजिकमध्ये एकाच जातीच्या जीवांवर डेक उभारण्याची हौस खेळाइतकीच जुनी आहे. १९९३ च्या पहिल्याच संचात गॉब्लिन किंग आणि लॉर्ड ऑफ अटलांटिस ही एकेका जातीला बळ देणारी कार्डं होती.

पण सापडतील तेवढे सगळे लॉर्ड (आपल्या जातीच्या जीवांची ताकद वाढवणारी कार्डं) घातलेस म्हणतोस, तिथे मी तुला अडवणार आहे.

दोघांच्या खेळात समोरच्याची २० लाइफ संपवली की झालं. कमांडर या खेळप्रकारात बहुतेक वेळा चौघे बसतात आणि प्रत्येकाची ४०, म्हणजे तुला १२० लाइफ संपवायची आहे. दहा गॉब्लिनांना एका लॉर्डने एकेक ताकद दिली, तर वाढून वाढून दहा डॅमेज वाढणार, तोही कुणी ब्लॉक केलं नाही तर. शिवाय एवढी फौज टेबलावर दिसली की तिघांचीही नजर तुझ्यावर. ब्लास्फेमस ॲक्ट आठवतंय ना? मूळ किंमत नऊ मॅना (कार्ड खेळायला लागणारी शक्ती), पण टेबलावरच्या प्रत्येक जीवामागे एक कमी होते. आठ जीव असले की एका लाल मॅनात प्रत्येक जीवाला तेरा डॅमेज. तुझीच गर्दी तुझा नाश स्वस्त करते.

म्हणून माझं मत ठाम आहे: जातीच्या डेकचा जोर टेबलावर पसरून ठेवायचा नाही, तो अगदी शेवटच्या क्षणी उघड करायचा. आणि यासाठी क्रेन्कोसारखा कमांडर शोधून सापडणार नाही.

तो टॅप केला (कार्ड आडवं करून वापरला) की तुझ्याकडे जितके गॉब्लिन, तितकेच नवे येतात. बहुतेक जण आपल्या पाळीला लगेच टॅप करतात. तू थांब. तुझ्या अगोदरच्या खेळाडूची पाळी संपत आली की टॅप कर. सगळे जीव मारणारं रॅथ ऑफ गॉड काय, ब्लास्फेमस ॲक्ट काय, दोन्ही सॉर्सरी. ज्याची पाळी त्यालाच खेळता येतात. त्यामुळे नवे गॉब्लिन आल्यावर पुढची पाळी थेट तुझीच. क्रेन्को अनटॅप होतो, तू पुन्हा टॅप करतोस, आणि आधी आलेली टोकनं (क्रेन्कोने आणलेले गॉब्लिन) हल्ल्यालाही मोकळी असतात. क्रेन्को धरून चार गॉब्लिन असतील तर आठ, आणि आठाचे सोळा. टेबलावर इम्पॅक्ट ट्रेमर्स (तुझा जीव उतरला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एक डॅमेज) असेल तर आलेल्या बारा गॉब्लिनांमागे तिघांनाही प्रत्येकी बारा डॅमेज. एकूण छत्तीस, आणि अजून हल्ला सुरूसुद्धा झालेला नाही!

अडचण एकच. नुकताच उतरलेला क्रेन्को हेस्ट (उतरताच टॅप होण्याची मुभा) नसेल तर तुझी पुढची पाळी सुरू होईपर्यंत टॅप होत नाही. म्हणून गॉब्लिन चीफटन आणि गॉब्लिन वॉरचीफ हे दोघे डोळे झाकून ठेव. चीफटन ताकदही देतो, वॉरचीफ किंमत कमी करतो, पण मला त्यांच्याकडून हवा आहे तो हेस्ट. गॉब्लिन किंग काढ. त्याचं माउंटनवॉक (ब्लॉक न होता हल्ला) समोर कुणाकडे माउंटन असेल तरच कामाचं. कोट ऑफ आर्म्सही नीट विचार करून घाल. ते सगळ्यांच्याच जीवांना बळ देतं, आणि समोर एल्फांचा डेक असला तर तुझ्या कार्डाने त्याचंच भलं होईल.

मोकळ्या झालेल्या जागी दोन कार्डं हवीतच. एक गॉब्लिन बॉम्बार्डमेंट: कुणी बोर्ड वाइप (सगळे जीव मारणारं कार्ड) खेळलाच तर मरणारा प्रत्येक गॉब्लिन आधीच बळी देऊन एकेक डॅमेज काढता येतो. दुसरं स्कलक्लॅम्प. एक मॅना देऊन ते १/१ (ताकद एक, टिकाव एक) टोकनला लावलं की टोकन मरतं आणि तुला दोन कार्डं मिळतात. हात भरलेला असला तर वाइपनंतरही तू खेळात आहेस. क्रेन्को मेला तर त्याला पुन्हा खेळायला दर वेळी दोन मॅना जास्त, चाराचे सहा, सहाचे आठ. हात रिकामा असेल तर त्याच्या एकट्याच्या भरवशावर पुन्हा उभं राहणं कठीण.

गॉब्लिन मात्र कमी करू नकोस. गॉब्लिन रिंगलीडर वरची चार कार्डं उघडतो आणि त्यातले सगळे गॉब्लिन हातात देतो. कमांडर सोडून डेकमधल्या ९९ कार्डांपैकी ३३ गॉब्लिन असले तर सरासरी एकाहून थोडे जास्त मिळतात. वीसच असले तर बऱ्याचदा काहीच हाती लागणार नाही. मक्सस हा गॉब्लिन वरची सहा कार्डं बघतो, त्याचाही हिशोब तोच.

एल्फांबद्दल विचारलं होतंस. त्यांची कमांडर लॅथ्रिल मला मनापासून आवडते: ती आणि आणखी दहा एल्फ टॅप केले की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची दहा लाइफ जाते, ब्लॉकचा प्रश्नच येत नाही. पण ते दहा एल्फ अनटॅप राहून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमवावे लागतात. तुझ्यासारख्या वाट बघू शकणाऱ्या खेळाडूला क्रेन्कोच शोभतो.

पुढच्या पत्रात पूर्ण यादी पाठव. लँड (मॅना देणारी कार्डं) किती घातल्यात तेही लिही. छत्तीसच्या खाली असतील तर मी भांडणार आहे. आणि पहिला डाव झाला की बाकीच्या तिघांनी तुझ्यावर पहिला हल्ला कितव्या पाळीला केला, हे आठवणीने कळव.

तुझाच,
जिवलग मित्र